जुनं व्हर्जन आणि गमरे मॅडम

गमरे मॅडम रागावल्या की उभ्या राहून काम करत. खुर्ची मागे सारायची, टेबलावर दोन जाड फायली रचायच्या, त्यावर कीबोर्ड ठेवायचा आणि उभ्याउभ्याच टाइप करायचं. आमचं ऑफिस रत्नागिरीत माळनाक्याला, एका मेडिकलच्या दुकानावर होतं. जिना चढून आलं की काचेच्या दारातून आधी त्याच दिसत. बसलेल्या असल्या तर सुट्टी मागता येई, चहा सांगता येई, चेष्टासुद्धा करता येई. उभ्या असल्या तर गुपचूप आपल्या जागेवर जाऊन कामाला लागायचं. मी त्या ऑफिसात चार वर्षं होते. त्यातलं शेवटचं वर्षभर त्या जवळजवळ उभ्याच होत्या.

लोक म्हणतात, बाई तापट होती, रागराग करूनच गेली. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ज्यांच्यामुळे त्या रागावल्या, त्यांना अजून रक्तदाबाची गोळीसुद्धा सुरू झालेली नाही.

मॅडम मूळच्या अलोऱ्याच्या. वडील पोफळीच्या वीजघरात आणि बिऱ्हाड अलोऱ्याच्या वसाहतीत. वसाहतीत घाटावरची, खानदेशातली, कोकणातली अशी सगळीकडची माणसं, त्यामुळे मॅडमच्या बोलण्यात सगळंच मिसळलेलं असे. शांत असल्या की पुण्याच्या वाटत आणि संतापल्या की थेट चिपळूण तालुक्यात उतरत. वडिलांबद्दल त्या एकच गोष्ट सांगायच्या. ते रोज बोगद्यात उतरून भिंतीतून पाणी किती पाझरतंय ते मोजत आणि वहीत लिहून ठेवत. "सगळी नोकरी तेच लिहिण्यात गेली," मॅडम म्हणायच्या. "कधी काही झालं नाही. म्हणून लोकांना वाटायचं, गमऱ्यांना काय काम असतं?"

इंजिनिअर होऊन त्यांनी पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली. वडील गेल्यावर आईसाठी खाली आल्या आणि आमच्या छोट्या कंपनीत लागल्या. लग्न केलं नव्हतं. कोणी त्याबद्दल विचारलं की म्हणत, "का? तुमच्या घरी सगळं ठीक चाललंय ना?" मग विचारणारा दुसऱ्यांदा विचारत नसे.

आम्ही अकरा जण होतो. जिल्ह्यातल्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांना आम्ही सॉफ्टवेअर देत असू. रुग्णाने सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी त्याच्या मोबाईलवर लिंक जाते, ती उघडली की रिपोर्ट दिसतो, ते काम आमचं. खेडपासून मंडणगडपर्यंतची केंद्रं आमच्यावर चालत. कंपनीच्या मालकांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. गोड माणूस. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणार, कोणाची आई आजारी असली तर स्वतः गाडी काढणार. पण त्यांचं एक वाक्य होतं, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

मॅडम लगेच म्हणत, "चालतंय ही आजची बातमी झाली सर. मी उद्याचं विचारतेय."

मी मिरकरवाड्याची. वडील तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीवरचे प्रमुख. घरात शिकून कॉम्प्युटरवर बसलेली मी पहिलीच, त्यामुळे स्वतःबद्दल बराच गैरसमज होता. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तो काढला. माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा कोड कोणाचा?"

"माझा नाही मॅडम, लायब्ररीतून आलाय."

"कुठलं व्हर्जन?"

"ते... जे आधीपासून आहे ते."

"म्हणजे घरात कोण राहतं ते माहीत नाही, आणि दार उघडं!" त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि आम्ही वापरत असलेल्या प्रत्येक लायब्ररीचं नाव, व्हर्जन आणि ती शेवटची कधी दुरुस्त झाली, हे माझ्याकडून हाताने लिहून घेतलं. कॉम्प्युटर ही यादी एका क्षणात देतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "देतो," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही ती एका क्षणात विसरता."

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळंच स्वतः लिहीत नाही. यादी क्रमाने लावणं, तारीख नीट मांडणं, जुन्या माहितीत नवी माहिती मिसळणं, अशी बारीकसारीक कामं कोणीतरी आधीच लिहून जगासाठी मोकळी ठेवलेली असतात. अशा कामांच्या संचाला आम्ही लायब्ररी म्हणतो. आमच्याकडचा एक संच तर इतका प्रसिद्ध की जगातल्या निम्म्या वेबसाइट त्याच्यावर उभ्या असतील, असं आम्ही बोलायचो. तो अख्खाही घेता येई आणि एकेका कामाचा सुटा तुकडाही. पान हलकं राहावं म्हणून आमच्या कंपनीने सुरुवातीच्या काळात सुटे तुकडे घेतले होते. पुढे त्या संचात भोक असल्याचं उघड झालं. मूळ संच बनवणाऱ्यांनी भोक बुजवलं, नवं व्हर्जन काढलं, जगाला कळवलं. सुटे तुकडे मात्र जिथे होते तिथेच राहिले.

आणि आम्ही निर्धास्त होतो. मी स्वतः मॅडमना सांगितलं होतं, "पण मॅडम, ती बातमी मोठ्या लायब्ररीची आहे. आपण ती वापरतच नाही. आपल्याकडे फक्त तुकडे आहेत."

"तुकडा कशाचा आहे?" त्यांनी विचारलं.

मी परत स्क्रीनकडे वळले.

प्रोग्रॅम चढवताना दर वेळी स्क्रीनवर लाल ओळी येत. अमुक तुकडा जुना आहे, धोका गंभीर आहे, बदला. जेटीवर पसरलेली जाळी आम्ही मिरकरवाड्यातली पोरं खाली न बघता ओलांडतो, तशा मी त्या ओळी ओलांडत असे. मॅडम त्या वाचत. नव्या व्हर्जनबरोबर आलेली बदलांची नोंदही वाचत, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. "कोणीतरी आपला रविवार घालवून हे लिहिलंय, सायली. कोणी सांगितलं नव्हतं, काही मिळणार नव्हतं. त्याने भोक शोधलं, बुजवलं, वर कळवलं. आपल्याला नुसतं घ्यायचंय. तेही जमत नाही आपल्याला?" हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि त्यामुळे त्या आणखी चिडायच्या.

एकदा त्यांनी सगळ्यांना एका स्क्रीनभोवती बोलावलं. चाचणीसाठी ठेवलेल्या प्रतीवर त्या स्वतःच्या थायरॉइडच्या रिपोर्टची लिंक उघडून साध्या रुग्णासारख्या आत शिरल्या. रुग्णाला तिथे स्वतःचा पत्ता बदलता येई. त्यांनी पत्त्याच्या माहितीत एक विचित्र ओळ घालून पाठवली. मग पान पुन्हा उघडलं, तर समोर सगळ्या रुग्णांची यादी. नाव, वय, गाव, मोबाईल, तपासणी, निष्कर्ष.

"हे कसं झालं?" सरांनी विचारलं.

"चकलीचा सोऱ्या असतो ना सर, त्यात खाली चकती बसवतात. पीठ घालणाऱ्याने फक्त पीठ घालायचं. पण आपला हा तुकडा इतका जुना आहे की पीठ घालणारा चकतीच बदलू शकतो. एकदा चकती बदलली की मग कोणीही काहीही घाला, शेवच पडणार. मी पत्ता पाठवता पाठवता साचाच बदलला. आता आत येणाऱ्या प्रत्येकाबद्दल आपलं सॉफ्टवेअर साच्याला विचारतंय, हा अधिकारी आहे का? साचा म्हणतोय, हो."

सरांनी चहाचा घोट घेतला. "मॅडम, तुम्ही हुशार आहात म्हणून तुम्हाला सुचलं. रत्नागिरीत कोण येतंय आपल्या मागावर?"

"सर, हे यायला रत्नागिरी बसस्टँडवर उतरावं लागत नाही."

सगळे हसले. सरही हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दुरुस्तीसाठी वेळ मागितला. सर म्हणाले, नवी केंद्रं जोडायची आहेत, आत्ता नको, ही त्रुटी दिवाळीनंतर बघू. "त्रुटी?" मॅडम म्हणाल्या. "अर्जावर सही राहिली तर त्रुटी म्हणतात. हे भोक आहे. त्याला भोक म्हणा." त्या दिवशी त्यांनी सरांना पहिली मेल लिहिली. दिवाळीनंतर दुसरी. दोन्हींत काय होऊ शकतं ते साध्या भाषेत होतं, आणि दोन्हींची प्रत मला होती. एका बैठकीत सरांनी मुद्दाम मला विचारलं, "सायली, तुझं मत काय? इतकं तातडीचं आहे?" मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "लगेच काही होणार नाही बहुतेक." मला वाटलं, मी मधला मार्ग काढला.

शेवटी मॅडमनी परवानगीची वाट पाहणं सोडलं. आपलं रोजचं काम सांभाळून एकेक जुना तुकडा काढला, नवा बसवला. मी त्यांच्याबरोबर बसून चाचण्या घेतल्या. एका मंगळवारी दुपारी नवं व्हर्जन चढलं. त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना वडापाव खिलवला आणि बसून खाल्ला.

बुधवारी त्या आईचे डोळे दाखवायला चिपळूणला गेल्या. अकराच्या सुमारास खेडच्या प्रयोगशाळेचा फोन आला, छापलेल्या रिपोर्टवर वयाचा रकाना रिकामा येतोय. तासाभराचं काम होतं. पण सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "सायली, जुनं परत टाक."

"मॅडमना फोन करते एकदा."

"त्या दवाखान्यात असतील. कशाला त्रास देतेस? त्या आल्या की बघतील. तू टाक."

मी टाकलं. एक ओळ टाइप केली, एन्टर दाबलं. वयाचा रकाना परत आला आणि त्याच्याबरोबर भोकही परत आलं. सर म्हणाले, "बघ, किती सोपं होतं."

गुरुवारी मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं, खुर्ची मागे सारली. सर म्हणाले, "मी सांगितलं परत टाकायला. आता मार्चनंतर." कोणी टाकलं, हे मॅडमनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी तिसरी मेल लिहिली, दोन ओळींची. *भोक माहीत असून आपण ते उघडं ठेवलं आहे. यापुढे जे होईल ते अपघाताने झालेलं नसेल.*

मार्च गेला, पावसाळा गेला. आणि एक दिवस माझ्या चुलतभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल पाठवली. खाली लिहिलं होतं, 'सावध राहा. आपल्या जिल्ह्यातली नावं आहेत.' मी उघडली. एचआयव्हीच्या तपासणीत पॉझिटिव्ह आलेल्या लोकांची यादी होती. नाव, वय, गाव, मोबाईल. रकान्यांचा क्रम आमचा होता. वयाच्या आकड्यापुढे 'वर्षं'साठी आम्ही घालत असू तो 'व'सुद्धा आमचाच.

ऑफिसात गेले तेव्हा सगळे तीच फाईल बघत होते. एकाला ओळखीचं नाव सापडलं होतं. मंडणगड तालुक्यातल्या एका अंगणवाडीची मदतनीस, तिशीतली बाई. मुलांना खिचडी शिजवून घालण्याचं काम तिचं. गावात फाईल आठवड्याभरापूर्वीच पोचली होती, तेव्हापासून मुलं घरूनच डबे आणायला लागली, काही तर यायचीच बंद झाली, असं त्याने सांगितलं. मी मॅडमजवळ जाऊन हळूच विचारलं, "मॅडम, पण तिला खरंच आहे का?"

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आजही सहन होत नाही. "परत विचारू नकोस हे. कोणालाच विचारू नकोस. खरं असलं तर तिने काय करावं, आणि खोटं असलं तर तुला बरं वाटणार? तिच्या रक्तात काय आहे हे तिचं आहे, सायली. आपण ते चावडीवर नेऊन टांगलंय."

सरांनी प्रयोगशाळांना पत्र पाठवलं. 'बाह्य घटकामुळे उद्भवलेली तांत्रिक त्रुटी.' आणि दोन दिवसांनी ऑफिसात कुजबुज सुरू झाली की भोक माहीत असलेली व्यक्ती तर एकच होती, तिने सगळ्यांसमोर आत शिरून दाखवलंही होतं. ही कुजबुज कुठून सुरू झाली ते मला ठाऊक आहे. पोलिसांनी मॅडमना चौकशीला बोलावलं, लॅपटॉप ठेवून घेतला. दाखवणाऱ्याचं बोट कापायची आपल्याकडे किती घाई असते! तपास करणारा अधिकारी तरुण होता आणि विषय जाणणारा होता, म्हणून नशीब. घुसलेला माणूस राज्याबाहेरचा होता, हे चार दिवसांत स्पष्ट झालं. कुजबुज करणाऱ्यांपैकी एकानेही मॅडमची माफी मागितली नाही. उलट सर म्हणाले, "झालं ना सगळं क्लिअर? आता कामाला लागू."

मॅडमनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "मी मंडणगडला चाललेय. त्या बाईंना आधी फोन करून विचारलं, त्या घरीच या म्हणाल्या. तू येणार असलीस तर सहाच्या गाडीला ये. नसलीस तरी मी जाणारच."

मी गेले. गाडीने खेड मागे टाकलं. मग मला राहवेना. मी म्हणाले, "मॅडम, तेव्हा जुनं व्हर्जन मी परत टाकलं होतं."

"माहीत आहे."

"सरांनी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? प्रत्येक बदलाची नोंद होते, त्यात नाव येतं. गुरुवारी सकाळीच वाचलं मी." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "तू कधी सांगतेस याची वाट बघत होते."

मी रडायला लागले. मॅडमनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. "रडायचं असेल तर आत्ता रड. तिच्यासमोर रडायचं नाही. तिने तुझी समजूत काढत बसायचं काय? आणि मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

घर रस्त्यापासून वर, चिऱ्याचं, अंगण सारवलेलं. बाईंनी पाणी दिलं. फोनवर त्यांनी मॅडमना म्हटलं होतं, 'घरीच या, आता लपवायला काय उरलाय?' समोर बसल्यावर मात्र त्या पदराचं टोक दुमडत राहिल्या. मॅडमनी एकही जड शब्द वापरला नाही. "तुमचं नाव आमच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर गेलं. आम्हाला भोक माहीत होतं. बुजवता येत होतं. बुजवलं नाही. चूक आमची आहे, तुमची नाही." मग पिशवीतून तिन्ही मेलचे छापलेले कागद काढून त्यांच्या हातात दिले. "हे तुमच्याकडे ठेवा. तक्रार करायची की नाही ते तुम्ही ठरवा. केलीत तर मी साक्षीला उभी राहीन."

मग मी सांगितलं. जुनं परत टाकणारी मी.

बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलान म्हणून केलंत?"

"हो."

"आमच्या वाडीतले पण तेच सांगतात," त्या म्हणाल्या. "कोणी पाठवलान म्हणून पुढं पाठवला. एकानं पण स्वतःहून केलान नाय."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा केला. आम्ही प्यायलो. त्यांच्याकडचा चहा बऱ्याच दिवसांत कोणी प्यायलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. रागाने. माझ्यावरच्या, सरांवरच्या, चुलतभावावरच्या.

बाईंनी तक्रार केली. मॅडमनी जबाब दिला, मीही दिला, आणि त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. प्रकरण अजून चालू आहे. बाईंना कामावरून काढलं नाही. त्यांच्या वरिष्ठ बाईंनी वाडीत येऊन दोनदा बैठक घेतली. मग एका आईने आपल्या मुलीला पुन्हा खिचडी खायला बसवलं. तिच्या मागून बाकीची येऊ लागली. सगळी नाहीत.

मॅडमना रत्नागिरीत पुन्हा काम मिळालं नाही. बाई भांडखोर आहे, असं त्यांच्या आधीच सगळीकडे पोचलेलं असे. त्या अलोऱ्याला, वडिलांनी निवृत्तीनंतर बांधलेल्या घरी गेल्या आणि तिथूनच एका परदेशी कंपनीचं काम करू लागल्या. शिवाय दर शनिवारी तशाच सुट्या पडलेल्या जुन्या तुकड्यांतली भोकं शोधून, दुरुस्त करून जगासाठी मोकळी ठेवत. फुकट. मी चिपळूणला एका कॉलेजात लागले होते, म्हणून कधीमधी जायची. त्या मला पाठीमागे बसवून ते वाचायला लावत. माफ केलंय, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मी विचारलंही नाही.

मागच्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन त्या गेल्या. सेहेचाळीस वर्षांच्या होत्या.

जलदान विधी आणि शोकसभा त्यांच्या घराच्या अंगणातच होती. फोटोपुढे मेणबत्त्या, पांढरी फुलं. त्रिशरण, पंचशील झालं. मग कोणाला दोन शब्द बोलायचे असतील त्यांनी बोलावं, असं सांगितलं गेलं, आणि पहिले उठले ते सर. मला ते आलेत हेही माहीत नव्हतं. पांढरा सदरा घातलेले, हातात पुष्पचक्र. ते सुरेख बोलले. "गमरे मॅडम आमच्या संस्थेचा कणा होत्या. माहितीची सुरक्षा म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. आम्ही त्यांच्याच वाटेने चाललो आहोत." काही बायकांनी डोळे पुसले. मॅडमची आई बहिरी झाली आहे, ती नुसती बघत होती.

मला उठायचं होतं. मेलच्या तिन्ही तारखा मला पाठ होत्या. पण मी उठले नाही. ऑफिसात बसून राहायची तशी बसूनच राहिले.

उठल्या त्या मंडणगडच्या बाई. तीन गाड्या बदलून आल्या होत्या. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाल्या, "माझा नाव त्या यादीत होता. तुमच्यातल्या कोणी कोणी वाचला पण असेल." त्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "सगळ्यांनी ती यादी वाचलान. माझ्या घरी येऊन, चूक आमची आहे, असा सांगणाऱ्या दोघीच. त्यातल्या ह्या एक." त्यांनी फोटोकडे हात केला. मग सरांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आलात नाय." एवढंच. आणि खाली बसल्या.

सर जेवायला थांबले नाहीत. रत्नागिरीला पोचायचंय, म्हणाले. मी त्यांच्या मागून गाडीपर्यंत गेले. आता तरी बोलावं म्हणून. तेच आधी बोलले. "तू तरी समजून घे, सायली. आता काही राहिलेलं नाही. सगळी जुनी व्हर्जनं काढून टाकली आपण. मॅडमनी करून ठेवलं होतं तेच पुन्हा चढवलं, वयाचा रकाना नीट केला, झालं."

"कधी?"

"तू गेलीस त्याच आठवड्यात."

"किती दिवस लागले?"

"एक दिवससुद्धा नाही," सर अभिमानाने म्हणाले. "दुपारपर्यंत झालं सगळं."

त्यांनी काच वर केली. गाडी उतारावरून खाली गेली. मी रस्त्यातच उभी होते. मागून बाई आल्या आणि म्हणाल्या, पानं वाढलीत, चला. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. दुपारपर्यंत, एवढंच डोक्यात होतं. दुपारपर्यंत.